पाण्यातले लोह आणि अजरखचा लाल : नैसर्गिक रंगांचे एक प्रकरण

तुरटीचा ठसा मारलेले कापड मंजिष्ठेच्या, म्हणजे लाल रंग देणाऱ्या वेलीच्या मुळांच्या, कढईत उकळले की ठशाची जागा लाल होते. लोखंडाच्या आंबवणीचा ठसा असेल तर त्याच कढईत ती जागा काळी होते. ठसा नसलेली जागा जवळजवळ कोरी राहते. कच्छच्या अजरखची, म्हणजे लाकडी ठशांनी छापून लाल, निळ्या, काळ्यात रंगवलेल्या कापडाची, सगळी नक्षी या एका गोष्टीवर उभी आहे. कढईत रंग एकच असतो, त्याचे दोन-तीन रंग करतात ते कापडावरचे धातू. मग लोह ठशातून न येता धुण्याच्या पाण्यातूनच येऊ लागले तर?

कच्छमधल्या धमडका गावावर ही वेळ आली. भुजच्या पूर्वेला असलेले हे खत्री रंगाऱ्यांचे जुने गाव. कच्छचा राजा राव भारमल पहिला याच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, हे लोक सिंधमधून येऊन सारण नदीच्या काठी वसले. नदी वाहती होती, म्हणून गाव तिथे वसले. पुढे नदी आटली, विहिरी आणि बोअरवेल खोल जात राहिल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गाव कोसळले आणि पाण्यातल्या लोहाचे प्रमाणही वाढले. घरे पुन्हा बांधता आली असती, पण त्या पाण्यात लाल रंग स्वच्छ उठेना. शेवटी बऱ्याच कुटुंबांनी मिळून भुजजवळ जमीन घेतली आणि नवे गाव वसवले, अजरखपूर. काही कुटुंबे धमडक्यातच राहिली, तिथेही काम चालू आहे.

नैसर्गिक रंग चांगले की वाईट ही चर्चा बहुतेक वेळा वनस्पतीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. या प्रकरणात वनस्पती बदलली नव्हती, माणसे तीच होती, ठसे तेच होते. बदलले फक्त पाणी, आणि तेवढ्यासाठी गाव उठले.

कापड कोणत्या पाण्यातून जाते

अजरखच्या पायऱ्या १४ ते १६ धरतात. नक्षीप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो. एका कापडाला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्यातला बराच वेळ वाळवण्यात आणि मुरवण्यात जातो. सगळ्याच पायऱ्या इथे सांगत नाही. जिथे पाणी निर्णायक ठरते त्या सविस्तर पाहू.

पहिली पायरी साज. कोरे मांजरपाट आधी खळ काढून धुतात, मग एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्या यांच्या पाण्यात तुडवून, दाबून ठेवून, उन्हात वाळवतात. हे चक्र अनेकदा फिरते. तेल सुतात पुरेसे मुरले का हे पाहायला कापडाचा कोपरा ओला करून चोळतात, साबणासारखा फेस आला की झाले. साज कच्चा राहिला तर पुढचे रंग कापडावर ठिगळासारखे बसतात, आणि हा दोष नंतर कशानेही भरून निघत नाही.

दुसरी पायरी कसाणो, म्हणजे हिरड्याचे पाणी. कापडाच्या वजनाच्या १५ ते २० टक्के हिरडा पूड पुरते. कापड फिकट पिवळे होते. हिरड्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, सुताला धरते आणि पुढे येणारा धातू या टॅनिनला धरतो. कापड उन्हात सपाट पसरून, वेळेवर उलटून, दोन्ही बाजूंनी सारखे वाळवायचे. ओलाव्याबरोबर टॅनिन वाळणाऱ्या बाजूकडे सरकते. उलटायला उशीर झाला की एक बाजू गडद होते, आणि दोन्ही बाजूंनी छापल्या जाणाऱ्या अजरखमध्ये हे लगेच दिसते. वाळल्यावर वरची पूड झटकून टाकतात, नाहीतर ठसा पुडीवर बसतो आणि धुण्यात पुडीबरोबर निघून जातो.

यातली एक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. हिरडा ठशाने लावत नाहीत, तो सगळ्या कापडाला असतो. जी जागा शेवटी पांढरी राहायची आहे तिथेही तो असतोच.

मग छपाई. चुना आणि बाभळीचा डिंक यांच्या लगद्याने पांढऱ्या रेषा राखतात. काळ्यासाठी काट. भंगारातले लोखंड भट्टीत घालून त्यावरचे तेल-ग्रीस जाळतात, मग गूळ, थोडे बेसन आणि पाणी यांत भिजत ठेवतात. घरगुती प्रमाणात करायचे तर १० लिटर पाण्याला साधारण १ किलो लोखंड आणि पाव ते अर्धा किलो गूळ. गूळ आंबतो, त्याचे आम्ल होते, आम्लात लोखंड विरघळते. उन्हाळ्यात दोन आठवडे, थंडीत तीन. वर पिवळसर फेसाची साय धरली की गाळून घ्यायचे आणि चिंचोक्याचे पीठ घालून शिजवायचे, म्हणजे ठशाला चिकटेल इतके दाट होते.

लालसाठी तुरटी. एक लिटर डिंकाच्या पाण्यात ८० ते १०० ग्रॅम. तुरटीला स्वतःचा रंग नसतो, म्हणून ठसा दिसावा यासाठी चिमूटभर गेरू घालतात. इथे नवखे हमखास फसतात. बाजारात पाणी निवळायला मिळणारी स्वस्त तुरटी अनेकदा लोहयुक्त असते, फेरिक अ‍ॅलम. तिने लाल निघतच नाही, विटकरी-तपकिरी निघते, आणि माणूस मंजिष्ठा देणाऱ्या दुकानदाराशी भांडत बसतो. दुकानात नॉन-फेरिक असे स्पष्ट मागावे.

निळी जिथे नको तिथे माती, चुना, डिंक यांचा जाड लगदा लावून त्यावर भुसा किंवा शेणाची बारीक पूड शिंपडतात, म्हणजे घडी घालताना लगदा फिसकटत नाही. काही दिवस पूर्ण वाळू द्यायचे आणि मग निळीचा हौद. लगदा टिकायचा तर हौद गरम नको आणि बुडी थोडक्यात उरकली पाहिजे.

यानंतरच्या धुण्याला विच्छरणू म्हणतात. कापड वाहत्या पाण्यात सोडून माती, डिंक, चुना आणि न चिकटलेली तुरटी काढून टाकायची. पाणी वाहतेच का हवे? साचलेल्या पाण्यात सुटलेली तुरटी कुठे जात नाही, ती पांढऱ्या जागेवर जाऊन बसते. तेव्हा काही दिसत नाही. कढईत घातल्यावर मात्र पांढऱ्यावर लाल ढग उठतात. नदीकाठच्या रंगाऱ्याला हे काम नदी फुकट करून देत होती. हौदात करायचे तर हौद लांब हवा, एका टोकाने पाणी येत राहिले पाहिजे आणि दुसऱ्याने जात राहिले पाहिजे. पहिली घडी पाण्यात जाताना कापड सतत हलते ठेवायचे, बुडवून चहाला जायचे नाही.

शेवटी कढई. मंजिष्ठा किंवा अ‍ॅलिझरिन (कारखान्यात बनणारे लाल रंगद्रव्य), आणि सोबत धायटीची फुले, ज्यांच्यामुळे पांढऱ्यावर लाल चढत नाही. नंतर तपाई. ओले कापड जमिनीवर पसरून, वाळत आले की पुन्हा पाणी शिंपडून, उन्हानेच पांढरे उजळवायचे.

लोहाचा हिशेब

एक किलो कापड, म्हणजे साधारण आठ मीटर. एका धुण्याला ३० ते ४० लिटर पाणी धरू. साज, हिरडा, विच्छरणू, कढईनंतरची धुणी आणि तपाई मिळून आठ धुणी धरली तर किलोमागे ३०० लिटर होतात. पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम लोह असेल तर कापडावरून ३०० मिलिग्रॅम लोह जाते. हिराकसात, म्हणजे लोहाच्या क्षारात (फेरस सल्फेट), लोह साधारण २० टक्के असते, म्हणजे हे दीड ग्रॅम हिराकसाएवढे झाले, कापडाच्या वजनाच्या ०.१५ टक्के. रंग मुद्दाम मंद करायला रंगारी अर्ध्या टक्क्यापासून हिराकस वापरतात. म्हणजे निम्मेच लोह कापडाला धरले तरी, कोणी न घालता, रंग मंद करण्याचा सहावा-सातवा हिस्सा आपोआप पडतो.

हा आकडा लहान वाटेल, पण तो सगळ्या कापडावर पसरलेला असतो आणि सगळ्या कापडावर हिरडा आहे. लोह आणि टॅनिन मिळून जे काळे होते ते शाईचेच रसायन. त्यामुळे पांढरे राखाडी होते, लालात तपकिरी मिसळते आणि निळी-लालातला उठाव जातो. गिऱ्हाइकाला कारण कळत नाही, कापड जुने वाटते एवढे कळते.

कापड-प्रक्रियेतले लोक पाण्यातले लोह लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत असावे असे धरतात. प्यायला चालणारे पाणी रंगायला चालेलच असे नाही.

गाव न हलवता काय करता आले असते

यावर उपाय नाहीत असे नाही. बोअरचे पाणी उपसताना निवळ दिसते आणि बादलीत ठेवले की तांबूस होते, कारण विरघळलेले लोह हवा लागून गंजासारखे खाली बसते. हेच मुद्दाम घडवायचे. पाणी वरून शिंतोडे उडत टाकीत पडू द्यायचे, किंचित चुना घालून पीएच ८ च्या आसपास न्यायचा, रात्रभर थांबायचे, आणि सकाळी वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळून घ्यायचे. दिवसाला हजार-दोन हजार लिटर लागणाऱ्या लहान कारखान्याला हे सहज जमते.

पण वर धरलेल्या हिशेबाने रोज ५० किलो कापड म्हणजे १५,००० लिटर. एकेका घरात हे जमवणे म्हणजे रंगाऱ्याने अर्धा दिवस पाणपुरवठा खाते चालवणे. त्यात विच्छरणूला वाहते पाणी हवे. गाळलेले पाणी वाहून जाऊ द्यायला मन होत नाही, मग धुण्यात काटकसर होते आणि पांढऱ्यावर ढग येतात.

दुसरा सोपा वाटणारा उपाय म्हणजे लोह बांधून ठेवणारे रसायन, ईडीटीए वगैरे. कारखान्यातल्या रंगकामात ते सर्रास वापरतात. इथे मात्र ते घातक ठरते. ते लोह बांधते तसे तुरटीतले अ‍ॅल्युमिनियम आणि कॅल्शियमही बांधते, आणि मंजिष्ठेचा लाल हा अ‍ॅल्युमिनियम-कॅल्शियमचाच संयुग आहे. लोह काढायला गेलात तर लालही जातो. गंजाचे डाग काढणारे ऑक्झॅलिक आम्लही याच कारणाने नको.

म्हणून नवी जागा पाणी बघून निवडणे हा निर्णय भावनेचा नव्हता, व्यवहाराचा होता. तो धडाडीने घेणाऱ्यांत अजरखचे रंगारी इस्माईल मोहम्मद खत्री यांचे नाव पुढे येते. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी माँटफोर्ट विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्यांचे वडील मोहम्मद सिद्दीक यांनी १९७० च्या दशकात नैसर्गिक रंगांची कृती पुन्हा मुलांच्या हाती दिली होती. त्याआधी मधली काही दशके धमडक्यातही रासायनिक रंगच चालत होते. परंपरा अखंड होती असे म्हणायची हौस अनेकांना असते. ती तुटली होती आणि प्रयत्नपूर्वक जोडली गेली.

मंजिष्ठा की अ‍ॅलिझरिन

आता जरा अडचणीचा मुद्दा. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अजरखमधला लाल बऱ्याचदा मुळातून आलेला नसतो. अ‍ॅलिझरिन हे युरोपातल्या मंजिष्ठेतले मुख्य रंगद्रव्य. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी ते प्रयोगशाळेत बनवले, पुढच्याच वर्षी ते कारखान्यात बनवण्याची वाट खुली झाली आणि काही वर्षांत मंजिष्ठेची शेती बसली. रेणू तोच, त्यामुळे तुरटीवरचा लाल तितकाच पक्का. मूळ मात्र तीन वर्षे जमिनीत ठेवावे लागते आणि गडद लालसाठी कापडाच्या वजनाइतकेही लागू शकते.

भारतीय मंजिष्ठा हा याहून वेगळा प्रश्न. डोंगरी जंगलातून येणाऱ्या या वेलीत मुख्यतः पर्प्युरिन आणि मंजिष्टिन असते, अ‍ॅलिझरिन नाममात्र. तिचा लाल नारिंगीकडे झुकतो. मूळ वापरायचे तर कढई हळू तापवावी, तास-दीड तासात ७० अंशांपर्यंत. खळखळा उकळली की मुळातले पिवळे-तपकिरी द्रव्य सुटते आणि लाल विटतो. शुद्ध अ‍ॅलिझरिन उकळले तरी बिघडत नाही. कारागिराला ते सोयीचे का वाटते, हे यावरून कळावे.

आमच्या मते अ‍ॅलिझरिन वापरण्यात लबाडी नाही, लेबलवर न लिहिण्यात आहे. जंगलातली मुळे उपटून केलेला लाल कारखान्यातल्या लालापेक्षा निसर्गाला स्वस्त पडतो, हे कोणी हिशेब करून दाखवलेले आम्ही पाहिलेले नाही.

निळीचीही तीच गत. पाल्यापासून केलेल्या वडीत खरे नीळद्रव्य २० ते ५० टक्के असते, कृत्रिम निळीत ९४ च्या पुढे. म्हणजे एकाच छटेसाठी दुप्पट ते जवळजवळ पाचपट माल, आणि प्रत्येक खेपेची ताकद वेगळी. नव्या खेपेची चाचणी न करता हौद भरला तर साड्यांची ऑर्डर दोन निळ्यांत निघते. हौद आंबवणीचा असेल, म्हणजे चुना, गूळ आणि उकडलेल्या टाकळ्याच्या बियांचा, तर ३० ते ३५ अंश उष्णता आणि १० ते ११ पीएच सांभाळावा लागतो. पृष्ठभागावर तांबूस चकाकी आणि खाली हिरवट-पिवळे पाणी दिसले की हौद जिवंत आहे. सडका वास येऊन पाणी निळेच राहू लागले तर पीएच उतरला आहे, चुना थोडा थोडा द्यायचा. एकदम ओतला तर जीवाणूच मरतात. हायड्रोसल्फाइट या रसायनाने नीळ विरघळवणारा हौद दहा-वीस मिनिटांत तयार होतो आणि हंगाम पाहत नाही, म्हणून घाईच्या कामाला तोच वापरतात. सांडपाण्यात मात्र सल्फेट जाते, मग ती नीळ झाडाची असो की डब्यातली.

मिळाले काय

इतके सोसून हे काम टिकले, कारण त्याला गिऱ्हाईक मिळाले. पूर्वी अजरख कच्छमधले मुस्लिम मालधारी, गुरे राखणारे लोक, अंगावर घेत. त्यांनी स्वस्त छापील कापड धरले तेव्हा धंदा शहराकडे वळला. १९९४ मध्ये जर्मनीने काही अ‍ॅझो रंगांवर, म्हणजे विषारी अमाइन सोडू शकणाऱ्या रासायनिक रंगांवर, बंदी घातल्यावर परदेशी खरेदीदार रंगाच्या उगमाबद्दल विचारू लागले. पारंपरिक अजरखमध्ये तुरटी आणि लोह हेच दोन धातू, मोरचूद (तांब्याचा क्षार) नाही, डायक्रोमेट (क्रोमियमचा क्षार) नाही. ‘नैसर्गिक’ रंगाच्या नावाखाली मोरचूद-डायक्रोमेट वापरणाऱ्या कितीतरी कृती चालतात, त्यांच्यापुढे हा फरक मोठा आहे.

पक्केपणात तुरटीवरचा लाल आणि नीळ धुण्याला टिकतात. ओली घासणी दिली तर गडद नीळ मात्र सुटते. काळ्याचा दोष वेगळाच आहे: तो उडत नाही, कापड खातो. संग्रहालयांतल्या जुन्या छापील कापडांत काळ्या रेषेच्या जागी नेमकी चिरी गेलेली दिसते, शेजारचा लाल शाबूत असतो. लोह सुताला हळूहळू कुरतडते. काट जास्त तीव्र झाली, किंवा छापल्यावर नीट धुतली नाही, तर हेच दहा-पंधरा वर्षांत होऊ शकते.

अजरखपूरला पाणी चांगले मिळाले, पण ते बोअरचेच पाणी आहे. धुण्यात उपसा मोठा आणि कच्छात पाऊस थोडा. सांडपाण्यात विषारी अमाइन नसले तरी डिंक, गूळ, टॅनिन आणि चुना भरपूर असतात. ते तसेच नाल्यात सोडले की पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात आणि वास सुटतो. कढयांखाली वेडी बाभूळ जळते. ती तिथे उपद्रवी झाड असल्याने तोडणे कोणाला खटकत नाही, धूर मात्र रंगाऱ्याच्याच छातीत जातो.

आपल्याकडे करू पाहणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात हिरड्याला तोटा नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात तो गोळा होतो. पण बाजारात भाव असलेला बाळहिरडा औषधाचा. रंगाला पक्व, पिवळट, सुरकुतलेले फळ घ्यावे, आणि बी काढून टाकून फक्त साल दळावी. बी दळले की वजन वाढते, टॅनिन वाढत नाही.

पाणी तपासायला प्रयोगशाळेची वाट पाहायची गरज नाही. अर्धा चमचा हिरडा पूड कपभर पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात उकळून गाळा. दोन पांढऱ्या वाट्यांत सारखे घ्या. एकीत तेवढेच डिस्टिल्ड पाणी घाला, दुसरीत बोअरचे, नुकतेच उपसलेले. दुसरी वाटी पाच मिनिटांत करडी-निळसर झाली तर त्या पाण्यात लोह आहे. तुरटीचीही हीच परीक्षा. कोकण-गोव्यातल्या जांभ्याच्या पट्ट्यात ही चाचणी न करता हौद बांधू नयेत. देशावरचे बेसाल्टमधले पाणी जड असते, साबणाला ते वाईट, मंजिष्ठेच्या लालाला उलट उपकारक, कारण त्यात कॅल्शियम असते. तिथे मऊ करण्याचे यंत्र बसवून कॅल्शियम काढून टाकणारे नंतर तोच कॅल्शियम खडूच्या रूपाने विकत घेऊन कढईत घालतात.

जून ते सप्टेंबर कोकणात मातीचा लगदा वाळत नाही, उलट हवेतला ओलावा शोषून पसरतो आणि त्याखालची तुरटी रेषेबाहेर सरकते. कच्छच्या कोरड्या हवेत जे आठ दिवसांत होते ते इथे पंख्याखाली पंधरा दिवसांतही होत नाही. पावसाळ्यात छपाई बंद ठेवून फक्त सरसकट बुडवून रंगवायचे काम घ्यावे, आणि पागोळीचे पहिले दोन पाऊस सोडून पुढचे पाणी लालासाठी साठवून ठेवावे. पत्र्याचे छप्पर गंजलेले असेल तर तेही नको.